औषध आहे, वाहन हवे

कारंजा लाड येथील जुन्या व्यापारी घराण्यांतील वडीलधारी मंडळी आजही मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरील ‘शकुंतला’ गाडीची आठवण काढतात. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ही अरुंद रुळांची गाडी मुख्यतः वऱ्हाडच्या कापसासाठी टाकली. कापूस त्याआधीही पिकत होता आणि मुंबईत व मँचेस्टरमध्ये त्याला गिऱ्हाईकही होते. उणीव होती ती शेत आणि बंदर यांना जोडणाऱ्या वाहनाची. माल, गिऱ्हाईक आणि वाहतूक या तीन गोष्टींपैकी तिसरी नसेल तर पहिल्या दोन जागच्या जागी राहतात, हे व्यापारी घरात कोणाला शिकवावे लागत नाही.

आजचे औषधशास्त्र नेमके या तिसऱ्या गोष्टीपाशी अडले आहे. अनेक असाध्य समजल्या गेलेल्या रोगांवर माल तयार आहे, म्हणजे रोगाचे मूळ दुरुस्त करणारे रेणू प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहेत. गिऱ्हाईकही ठाऊक आहे, म्हणजे कोणत्या पेशीत ते पोहोचायला हवेत हे कळले आहे. परंतु त्या पेशीच्या दारापर्यंत आणि दारातून आत नेणारे भरवशाचे वाहन अद्याप पुरेसे नाही. प्रथिनांपासून घडवलेले अतिसूक्ष्म कण हे असे एक वाहन ठरू पाहत आहे. विषय दूरच्या प्रयोगशाळांचा वाटतो. पण त्याचे एक टोक विदर्भातील घराघरांत आहे.

ते टोक म्हणजे सिकलसेल हा रक्तविकार. भारतात या विकाराची नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील रुग्णांविषयीचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. विदर्भात अनुसूचित जाती आणि जमातींमध्ये त्याचे प्रमाण विशेष आढळते. म्हणजेच अडत दुकानातील हमाल, जिनिंगमधील मजूर, शेतावरचा सालदार यांच्या घरी हे दुखणे असू शकते. रुग्णाच्या हाडांत आणि सांध्यांत वेदनेच्या तीव्र लहरी उठतात, रक्त कमी होते, वारंवार जंतुसंसर्ग होतो. ‘अंगचोर’ म्हणून ज्याची संभावना होते, तो माणूस कित्येकदा खरोखरच असह्य वेदना सोसत असतो.

या दुखण्याचे मूळ हिशेबाच्या भाषेत सहज सांगता येते. रक्तातील हिमोग्लोबिन हे प्रथिन ज्या साखळ्यांनी बनते, त्यांतील बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले एका ठरावीक क्रमाने ओवलेली असतात. सिकलसेलमध्ये त्यांपैकी फक्त सहावे बदलते. १४६ नोंदींच्या खतावणीत सहाव्या ओळीवर एकच चुकीचा आकडा पडावा आणि सगळा ताळेबंद कोलमडावा, तसे हे आहे. या एका बदलामुळे प्राणवायू कमी होताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये हा हिमोग्लोबिनच्या रेणूतच असलेला दोष आहे, हे दाखवून दिले. चूक कोठे आहे हे कळून पाऊणशे वर्षे लोटली. ती दुरुस्त करणारी साधनेही गेल्या काही वर्षांत हाती आली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली. जनुकात नेमक्या जागी काट देणाऱ्या क्रिस्पर तंत्राचा हा पहिला मान्यताप्राप्त उपचार. मात्र त्याची रीत पाहिली की वाहनाअभावी किती द्राविडी प्राणायाम करावा लागतो ते ध्यानात येते. दुरुस्तीचे साधन शरीरातील अस्थिमज्जेपर्यंत पोहोचवता येत नाही, म्हणून मज्जेतील मूलपेशीच बाहेर काढाव्या लागतात. त्या प्रयोगशाळेत जातात, तेथे दुरुस्त होतात. दरम्यान तीव्र औषधे देऊन रुग्णाची उरलेली मज्जा रिकामी केली जाते आणि मग दुरुस्त पेशी परत सोडल्या जातात. सगळ्याला कित्येक महिने लागतात. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये आहे. बंदरापर्यंत गाडी नाही म्हणून शेतच उचलून बंदरावर न्यावे, असा हा व्यवहार.

भारतानेही या दिशेने पाऊल टाकले आहे. दिल्लीतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ जिनॉमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी’ या सरकारी संस्थेने सिकलसेलसाठी क्रिस्परवर आधारित देशी उपचार विकसित केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ‘बिरसा १०१’ या नावाने जाहीर झाला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. किंमत त्यामुळे पुष्कळ उतरावी हा हेतू आहे. तथापि पेशी बाहेर काढण्याची आणि पुन्हा घालण्याची रीत तीच राहते, तोवर असा उपचार मोठ्या शहरातील सुसज्ज रुग्णालयापुरताच राहणार. मानोऱ्याच्या किंवा मालेगावच्या रुग्णाला तो मिळायचा असेल, तर दुरुस्तीचे साधन सुईवाटे रक्तात जाऊन आपण होऊन योग्य पेशीपर्यंत पोहोचले पाहिजे. संशोधन सुरू आहे ते यासाठी.

हे इतके अवघड का असावे? पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे दुहेरी पटल असते. पॅरासिटामॉलसारखे लहान रेणू त्यातून सहज झिरपतात. परंतु जनुके किंवा ती दुरुस्त करणारी प्रथिने आकाराने फार मोठी. ती बाहेरच अडतात. शिवाय उघडी सोडली तर रक्तातील विकरे त्यांचे वाटेतच तुकडे करतात. म्हणून मालाला पेटी हवी, पेटीवर पत्ता हवा आणि पोहोचल्यावर पेटी उघडण्याची व्यवस्थाही हवी. पेशी बाहेरून आलेला कण बहुधा एका पिशवीत बंद करून आत घेते आणि ती पिशवी पचवण्याच्या कोठीकडे धाडते. त्याआधी माल बाहेर पडला नाही तर दारात पोहोचूनही तो वाया जातो.

आजवर अशी तीन प्रकारची वाहने हाताळली गेली. पहिले स्निग्ध कणांचे. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने करोनावरील जी देशी एमआरएनए लस तयार केली आणि जिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, तिचा भर याच तऱ्हेच्या कणांवर होता. हे कण बनवण्यास तुलनेने सोपे. पण शिरेतून दिले की बहुतांशी यकृतात जमा होतात. दुसरे वाहन विषाणूचे. त्यातील रोगकारक भाग काढून टाकायचा आणि पेशीत शिरण्याचे त्याचे कसब तेवढे वापरायचे.

या दुसऱ्या वाहनाचा महाराष्ट्रातील अनुभव मुद्दाम पाहण्यासारखा आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून उभी राहिलेली ‘नेक्सकार १९’ ही रक्ताच्या काही कर्करोगांवरील उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य झाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी बाहेर काढून त्यांत कर्करोग ओळखणारे जनुक घालायचे, अशी ही पद्धत. जनुक आत नेणारे वाहन म्हणजे निर्धोक केलेला विषाणू. परदेशात ज्या तऱ्हेच्या उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात, तो येथे सुमारे ४० लाखांच्या घरात आला. खर्च उतरण्यामागे एक मोठे कारण असे की हे विषाणू-वाहन आयात न करता येथेच तयार करण्यात आले. भाड्याची गाडी सोडून घरची गाडी केली की मालाचा पडता दर कसा बदलतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

तरीही ४० लाख ही रक्कम सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची, आणि विषाणू-वाहनाची आणखी एक अडचण आहे. त्याने पोहोचवलेले जनुक दीर्घकाळ, काही प्रकारांत कायमचे, पेशीत राहते. टी-पेशींसाठी ते हवेच असते. परंतु जनुक दुरुस्त करणारी कात्री मात्र काम संपल्यावर पेशीत राहू नये; राहिली तर नको त्या जागीही काट देण्याचा धोका. दुरुस्तीसाठी कारागीर बोलवावा, तो काम आटोपून निघून जावा. तो कायमचा भाडेकरू होऊन बसू नये, अशी ही अपेक्षा. ती पुरी करण्याची शक्यता दिसते तिसऱ्या वाहनात, म्हणजे प्रथिनांच्या नॅनोकणांत.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तांबडी रक्तपेशी साधारण ७ ते ८ हजार नॅनोमीटर रुंद असते. हे कण बहुधा २० ते १५० नॅनोमीटरचे. प्रथिनांचा विशेष गुण असा की योग्य आकाराचे तुकडे घडवले तर ते आपण होऊन एकमेकांत बसतात आणि पोकळ पेटी तयार होते. सुतार नको, खिळे नकोत. प्रत्येक पेटी दुसरीसारखी निघते आणि तिच्या पृष्ठभागावर कोणता पत्ता कोरायचा हे तुकडा घडवतानाच ठरवता येते.

असे कण आपल्या परिचयाचे आहेत. केवळ त्यांचे हे रूप ठाऊक नसते. सरकारी लसीकरण कार्यक्रमात नवजात बाळाला २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी लसीचा पहिला डोस दिला जातो. या लसीत विषाणू नसतोच. यीस्टमध्ये बनवलेल्या एका प्रथिनाचे सुमारे २२ नॅनोमीटरचे, आपोआप जुळलेले कण तेवढे असतात. वाशिम जिल्ह्यात जन्मलेल्या ज्या बाळाला ती लस टोचली गेली, त्याच्या मांडीत असे असंख्य कण आयुष्याच्या पहिल्याच दिवशी गेलेले आहेत. याच कणाच्या अंगावर मलेरियाच्या परजीवीचा एक भाग जडवून ऑक्सफर्ड विद्यापीठाने आर-२१ ही लस तयार केली. तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होते आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी तिची शिफारस केली. एका डोसची किंमत दोन ते चार डॉलर. प्रथिनांचे कण मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात बनवणे महाराष्ट्राच्या भूमीवर शक्य आहे, याची ही साक्ष.

लसीचा कण शरीराला शत्रूची ओळख करून देतो. औषध वाहून नेणे हे पुढचे काम. तेही एका औषधाने वीस वर्षांपूर्वी साधले. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरील औषध मूळचे एका वृक्षाच्या सालीतले. ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकातून देत असत. त्या द्रावकाने कित्येकांना तीव्र ॲलर्जी येई, आधी स्टेरॉइड द्यावे लागे आणि सलाइन साधारण तीन तास चाले. संशोधकांनी मग अल्ब्युमिनचा आश्रय घेतला. अल्ब्युमिन हा आपल्या रक्तातील जन्मजात हमाल. मेदाम्ले, संप्रेरके, औषधे असा बोजा तो एरवीही वाहतच असतो. पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिनला बांधून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण केले, एरंडेल सुटले आणि सलाइन अर्ध्या तासावर आले. अमेरिकेत २००५ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी हे रूप मान्य झाले. आज ते भारतातही मिळते. या औषधातील अल्ब्युमिन माणसाने दिलेल्या रक्तातील रक्तद्रवापासून मिळवतात. रक्तदानाचे मोल असेही दूरवर पोहोचते.

अल्ब्युमिनची पेटी निसर्गाने दिलेली. हवी तशी पेटी घडवण्याचे काम अलीकडचे आहे. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या डेव्हिड लिऊ यांच्या गटाने विषाणूच्या प्रथिनांपासून घडवलेले, पण विषाणूची जनुके वगळलेले कण तयार केले. त्यांत जनुक दुरुस्त करणारे प्रथिन थेट भरले. उंदरांना एका इंजेक्शनवाटे हे कण दिल्यावर कोलेस्टेरॉलशी संबंधित एका प्रथिनाची रक्तातील पातळी ७८ टक्क्यांनी उतरली. कात्री प्रथिनाच्या रूपात पोहोचल्याने काम आटोपून ती आपोआप विघटित झाली. कारागीर आला, दुरुस्ती करून गेला.

मार्च २०२३ मध्ये त्याच संस्थेतील फेंग झँग यांच्या गटाने दुसरी युक्ती प्रसिद्ध केली. फोटोऱ्हॅब्डस कुळातील जीवाणू कीटकांच्या पेशींत विष टोचण्यासाठी प्रथिनांची सूक्ष्म पिचकारी बनवतात. हे कुळ शेतीला अपरिचित नाही. हुमणीच्या जैविक नियंत्रणासाठी जे सूत्रकृमी जमिनीत सोडतात, त्यांच्या पोटात याच कुळाचे जीवाणू असतात आणि हुमणी मारण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. संशोधकांनी या पिचकारीचे पाय नव्याने घडवून ते मानवी पेशी ओळखतील असे केले आणि विषाच्या जागी हवे ते प्रथिन भरले. जे यंत्र मारण्यासाठी होते, ते दुरुस्तीचे सामान नेऊ लागले. मुळात नसलेली प्रथिने संगणकावर आखून घडवण्याच्या कार्यासाठी डेव्हिड बेकर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अशा आखीव प्रथिन-कणावर आधारलेली करोनाची लस दक्षिण कोरियाने २०२२ मध्येच मान्य केली होती.

जमेची बाजू अशी असली तरी नावेची बाजूही मांडली पाहिजे. लिऊ आणि झँग यांचे हे निष्कर्ष प्रयोगशाळेतील पेशी आणि उंदीर यांच्यावरचे आहेत. प्राण्यांवरील हे प्रयोग अहिंसा मानणाऱ्या मनाला सलणारे आहेत आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच वेळी हेही खरे की १९८२ पर्यंत मधुमेह्यांना मिळणारे इन्सुलिन डुक्कर आणि गाय यांच्या स्वादुपिंडातून काढावे लागे, आणि प्रथिने घडवण्याच्या याच विद्येमुळे ते जीवाणू आणि यीस्ट यांच्याकडून मिळू लागले. दुसरी अडचण शरीराच्या स्मरणशक्तीची. परके प्रथिन एकदा ओळखले की शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि दुसऱ्या खेपेची गाडी वेशीवरच अडवते. तिसरी अडचण पत्त्याची. यकृत गाठणे सोपे, अस्थिमज्जेतील मोजक्या मूलपेशी शोधणे कठीण. चौथी म्हणजे प्रत्येक पेटीत माल पुरेसा आणि सारखा भरला आहे याची खात्री. त्यामुळे ‘नॅनो’ हा शब्द छापून एखादे चूर्ण वा थेंब सर्व रोगांवर विकले जात असतील, तर त्या जाहिरातीचा या शास्त्राशी संबंध नाही असे समजून पाकीट खिशातच ठेवावे.

मग तोवर काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत वाशिमचेही महाविद्यालय आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत हा प्रश्न संपवण्याचे उद्दिष्ट आहे. हायड्रॉक्सीयुरियाची साधी गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतली तर वेदनेच्या लहरी कमी होतात. आपल्या दुकानातील, शेतावरील माणसाला तपासणीसाठी एक दिवसाची भरपगारी सुट्टी देणे ही मालकाच्या हातची गोष्ट आहे. त्यासाठी ट्रस्ट नको, देणगी नको.

घरच्यांपुरतेही एक काम आहे. ज्या बीटा साखळीतील एका चुकीने सिकलसेल होतो, त्याच साखळीच्या जनुकातील दुसऱ्या चुकांनी थॅलेसेमिया होतो, आणि तो सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा व्यापारी समाजांत अधिक आढळतो. जैन कुटुंबांनी तो आपला नाही असे गृहीत धरण्याचे कारण नाही. वाहक असलेली व्यक्ती धडधाकट असते. तिला स्वतःला काही जाणवत नाही. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याच्या वेळी चारांत एक इतकी शक्यता असते की मूल थॅलेसेमियाचे रुग्ण होईल आणि त्याला जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागेल. हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी ही रक्ताची तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते आणि तिने सिकलसेल व थॅलेसेमिया या दोन्हींचे वाहक ओळखता येतात.

प्रथिनांची गाडी कारंज्याच्या किंवा वाशिमच्या रुग्णालयापर्यंत केव्हा पोहोचेल, याचे वेळापत्रक आज कोणी छापू शकत नाही. रूळ टाकण्याचे काम मुंबईत आणि पुण्यात सुरू झाले आहे, एवढे निश्चित. ते पुरे होईपर्यंत युवक-युवती परिचय मेळाव्याच्या अर्जात शिक्षण, व्यवसाय, उंची आणि रक्तगट यांच्या रकान्यांखाली आणखी एक रकाना छापता येईल: एचपीएलसी तपासणी झाली आहे काय, होय किंवा नाही. छपाईचा खर्च एका ओळीचा. एखाद्या घरातील मूल जन्मभराच्या सुयांपासून वाचले, तर त्या ओळीचे मोल कोणत्याही वहीत मांडता येणार नाही.